गंजगोलाईजवळचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान: कापडी पिशव्यांसाठी जरूर जा

आम्ही सहा जण लातूरला समाजकार्य शिकतो. इंटर्नशिपमध्ये दोन वस्त्यांत ओला-सुका कचरा वेगळा करण्याबद्दल जनजागृती करायची होती, आणि खर्च प्रायोजक गाठून आम्हीच उभा करायचा होता. गंजगोलाईला मिळणाऱ्या 16 रस्त्यांपैकी निम्मे पायी पालथे घातले. प्रत्येक व्यापाऱ्याचा प्रश्न एकच: "आमचं नाव कुठं येणार आन् किती दिवस दिसणार?"

आम्ही फ्लेक्स करायचं ठरवलं होतं. डिझाइन घेऊन या दुकानात गेलो तर काकांनी ते बाजूलाच ठेवलं. "लेकरांनो, सफाईचं सांगायलाव आन् प्लास्टिकच टांगायलाव?" 1 जुलै 2022 पासून 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. जाड फ्लेक्स चालतो, पण मोहीम संपली की तोही नालीतच जातो, असं ते म्हणाले. मग त्यांनीच मांजरपाटाची पिशवी सुचवली. पुढे हिरवा आणि निळा डबा, मागे प्रायोजकाचं नाव. पिशवी रोज बाजारात जाते, म्हणजे व्यापाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तरही आयतं मिळालं. छपाईसह 32 रुपयांना एक. एका प्रायोजकाच्या 50 पिशव्या, म्हणजे 1,600 रुपये. चार दिवसांत चार प्रायोजक मिळाले.

काम बघण्यासारखं आहे. प्रत्येक रंगाची स्क्रीन, म्हणजे शाई गाळून छापणारी जाळीची चौकट, वेगळी. आधी हिरवा ओढायचा, तो वाळू द्यायचा, मग निळा. रबराची पट्टी एकाच दाबानं खाली आली नाही तर शाई पसरते, म्हणून बारीक अक्षरं ते घेतच नाहीत. प्रायोजकांचे फोन नंबर त्यामुळे गाळावे लागले. प्रूफ मात्र स्वतः नीट वाचा. आमच्या प्रूफमध्ये "स्वछता" झालं होतं, स्क्रीन बनायच्या आधी सापडलं म्हणून वाचलो.

एक तक्रार आहे. प्रत्येक नावाच्या स्क्रीनचे 300 रुपये वेगळे, हे आम्हाला पैसे गोळा झाल्यावर सांगितलं. पुन्हा प्रायोजकांच्या दारात जाताना फार अवघडल्यासारखं झालं. तिघांनी दिले, चौथ्याचे आम्ही घातले. तुम्ही जाल तेव्हा हा आकडा आधी विचारा, मगच प्रायोजकाला रक्कम सांगा.

200 पैकी 11 पिशव्यांचे बंद उसवलेले निघाले. काकांनी समोर बसून मशीनवर शिवून दिले, पैसे घेतले नाहीत. मी माझी पिशवी तीनदा धुतली. हिरवा रंग तसाच आहे, निळा जरा फिका पडला.

गेल्या आठवड्यात भांड्यांच्या दुकानवाल्या मामांनी स्वतःहून आणखी 100 पिशव्या मागितल्या. त्यांना थेट काकांकडे पाठवलं. त्यांच्या नावाची स्क्रीन काकांनी जपून ठेवली आहे, ते 300 रुपये आता लागणार नाहीत.