पुस्तकाच्या जाहिरातीचं ‘पॅकेज’ विकत घेण्याआधी

स्वखर्चाने पुस्तक काढलेल्या लेखकाने प्रकाशन समारंभाचे फोटो टाकले की दोन-चार दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो : ‘तुमचं पुस्तक दोन लाख मराठी वाचकांपर्यंत पोहोचवतो, पॅकेज १५,००० रुपये.’ पैसे यूपीआयवर मागतात. करार नसतो, जीएसटीचं बिल नसतं. महिन्याने रंगीत अहवाल येतो. रीच, म्हणजे जाहिरात जितक्या जणांना दिसली तो आकडा, दोन लाखांवर, लाईक काही हजार, आणि पुस्तकं खपलेली दोन-तीन, तीही ओळखीत. लेखक समजतो की पुस्तकच लोकांना आवडलं नाही. त्यामुळे तो तक्रार करत नाही, आणि तेच पॅकेज पुढच्या लेखकाला विकलं जातं.

या जाहिराती फेसबुक-इन्स्टाग्रामवर, म्हणजे मेटा कंपनीच्या यंत्रणेतून चालतात आणि यातली चलाखी जाहिरातीचं उद्दिष्ट निवडताना होते. मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे जाहिराती चालवायच्या पानावर, सुरुवातीलाच अवेअरनेस, ट्रॅफिक, एंगेजमेंट, लीड्स (चौकशी करणारे), सेल्स अशी उद्दिष्टं विचारतात. जे निवडाल तेच करणारी माणसं यंत्रणा स्वस्तात शोधते. एंगेजमेंट निवडलं तर दिसेल त्यावर अंगठा दाबणारे मिळतात, अवेअरनेस निवडलं तर नुसती नजर फिरवणारे. अहवालातले आकडे खरे असू शकतात, पण त्यांचा विक्रीशी संबंध नसतो. क्लिक वाढवून दाखवायचे असतील तर ऑडियन्स नेटवर्क, म्हणजे इतरांच्या अ‍ॅपमध्ये जाहिरात दाखवण्याची सोय, चालू ठेवतात. मग जाहिरात मोबाईलवरच्या गेममध्ये दिसते आणि चुकून लागलेलं बोटही क्लिक म्हणून मोजलं जातं.

‘आम्ही सेल्स कॅम्पेन चालवतो’ असं सांगून अ‍ॅमेझॉनची लिंक देणाऱ्यापासून तर लांबच राहा. विक्री मोजायला मेटाचं पिक्सेल, म्हणजे खरेदीची नोंद घेणारा कोडचा तुकडा, विक्रीच्या पानावर बसवावं लागतं आणि अ‍ॅमेझॉनच्या पानावर ते तुम्हाला बसवता येत नाही. पुस्तक कोणी घेतलं हे यंत्रणेला कळतच नाही, मग ती ग्राहक शोधणार कशी? मराठी लेखकाला त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशी आणणारी जाहिरात बरी. किती जणांनी विचारलं आणि किती जणांनी पैसे भरले, हे फोनवरच मोजता येतं.

दुसरी लबाडी खात्याची. पॅकेज विकणारी एजन्सी स्वतःच्या जाहिरात खात्यातून खर्च करते. १५,००० पैकी ३,००० मेटाला गेले की १२,०००, हे लेखकाला दिसत नाही. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, ब्राउझरमध्ये पानावरचा कोणताही आकडा मिनिटभरात बदलता येतो. जाहिरात खातं तुमच्या नावाने उघडा, पैसे तुमच्या कार्डाने किंवा यूपीआयने भरा, बिलिंगमध्ये खात्याची खर्चमर्यादा लावा आणि एजन्सीला बिझनेस सेटिंग्जमधून भागीदार म्हणून फक्त जाहिराती चालवण्याची परवानगी द्या. फेसबुक पेजचा पूर्ण ताबा किंवा पासवर्ड कधीच देऊ नका. एजन्सीची फी वेगळी ठरवा. मेटाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही हिशेबात धरा.

जाहिरात खरंच सुरू आहे का, हे मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत पेजचं नाव टाकून कुणालाही पाहता येतं. मात्र आपल्याकडे राजकीय आणि सामाजिक विषयांच्या जाहिराती सोडल्या तर बाकीच्या, चालू असेपर्यंतच तिथे दिसतात. म्हणून पहिल्याच दिवशी बघा.

सगळं प्रामाणिकपणे झालं तरी गणित आधी मांडायलाच हवं. समजा किंमत २५० रुपये, छपाई ९०, पाकीट आणि कुरिअर ६०. उरले १००. क्लिक ३ रुपयांना पडला आणि शंभरातल्या एकाने पुस्तक घेतलं, तर एका प्रतीमागे जाहिरातीचे ३०० रुपये गेले, म्हणजे २०० रुपयांचा तोटा. शंभरात तीन जणांनी घेतलं तर कुठे बरोबरी. हे आकडे नमुन्याचे आहेत, आपले घालून पाहा. दिवाळीत मोठ्या ऑनलाइन दुकानांच्या जाहिरातींशी जागेच्या लिलावात स्पर्धा असते, दर चढतात. दिवाळीचा मुहूर्त साधण्याच्या घाईत पॅकेज घेणाऱ्यांना याची कल्पना कुणी देत नाही.

जाहिराती सुरू झाल्या की ‘तुमच्या पेजने नियम मोडले, २४ तासांत खालच्या लिंकवर जा’ असे मेसेजही येतात. पाठवणाऱ्याच्या नावात मेटा, सपोर्ट असे शब्द असतात. ओटीपी दिला की पेज जातं आणि कार्ड जोडलेलं असेल तर तुमच्या पैशाने भलत्याच जाहिराती चालतात. इशारा खरा असेल तर तो तुमच्या खात्यातल्या बिझनेस सपोर्ट विभागात दिसतो. तिथे नसेल तर मेसेज डिलीट करा.

पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेच्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, पूर्ण चॅट आणि पॅकेजची मूळ जाहिरात जवळ ठेवा. काम अर्धवट केलं, एवढीच तक्रार असेल तर पोलीस तो दिवाणी वाद ठरवू शकतात. अशा वेळी उपयोग होतो तो लेखी कबुलीचा. म्हणून पैसे देण्याआधीच मेटाला किती रक्कम जाणार, फी किती, उद्दिष्ट कोणतं आणि खातं कुणाचं, हे ईमेलवर लिहून घ्या. लिहून द्यायला टाळाटाळ केली तर व्यवहार तिथेच थांबवा.