२६ जानेवारीच्या प्रदर्शनात दर्शनी भिंतीला काय लावायचं?

आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोठी भिंत एकच, आणि चॉइस दोन आहेत. एक म्हणजे जॅकार्डवर (नक्षी विणायच्या मागावर) विणलेलं भारतमातेचं वॉल हँगिंग, दुसरं चार हुतात्म्यांचं ऑइल पेंटिंग.

वॉल हँगिंग आपल्या सोलापूरचीच कला, त्यात वादच नाही. लांबून एकदम भारी दिसतं, घडी घालून पिशवीत नेता येतं, काच फुटायचं टेन्शन नाही. पण जवळ गेलं की चेहरा धाग्यांत विरघळतो ओ, डोळे नुसते दोन काळे ठिपके!

पेंटिंगला उजेड नीट लागतो, ट्यूबलाइट समोर आली की नुसती चमक मारते, आणि फ्रेम उचलायला दोघं तरी लागतात. पण धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा, १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉनंतर (लष्करी अंमलानंतर) १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेली ही आपल्या गावची माणसं, आणि पोरं रोज यांच्या पुतळ्यांसमोरून शाळेला जातात तरी चारही नावं विचारली की गप्प.

माझं मत पेंटिंगला, खाली नावाच्या पाट्या लावून. हँगिंग एंट्रीला लावू, फक्त पंख्यापासून लांब, मागच्या वेळी दिवसभर फडफडत होतं.