करंट की आरसा? चेहऱ्याच्या लकव्यानंतर वेळ कशाला द्यावा

गोळ्यांचा कोर्स संपलाय, डोळ्यात थेंब घालणं आणि रात्री पापणीला टेप लावणं सुरू आहे. आता प्रश्न फिजिओथेरपीचा. स्नायूंना विजेचे ठोके देणारा करंट रोज लावून घ्यायचा, की आरशासमोर बसून चेहरा पुन्हा शिकवायचा? दोन्ही करता येतं, पण रोजचा वेळ आणि चिकाटी पाहता बहुतेकांचं शेवटी एकच काहीतरी टिकतं.

आधी एक गोष्ट. बेल्स पाल्सीत, म्हणजे ठळक कारण न सापडता अचानक येणाऱ्या चेहऱ्याच्या लकव्यात, साधारण ७० टक्के लोक उपचाराविनाही पूर्ण बरे होतात. पहिल्या तीन आठवड्यांत चेहरा हलायला लागला, तर त्याचं श्रेय करंटला देऊ नये आणि आरशालाही नाही. निवडीचा खरा प्रश्न उरतो तो ज्यांची सुधारणा रेंगाळते त्यांच्यापुढे.

करंटची मोठी सोय म्हणजे माणसाला काही करावं लागत नाही. पडून राहायचं, गाल उडताना पाहायचा आणि धीर धरायचा. पण तो कुठला करंट, हे विचारावं. फॅरेडिक या प्रकारच्या करंटचा ठोका एक मिलिसेकंद किंवा त्याहून लहान असतो. चेहऱ्याची नस पूर्ण निकामी झाली असेल, तर आठवडा-दहा दिवसांनंतर स्नायू त्याला दाद देत नाही. त्याला १०० मिलिसेकंदांच्या आसपासचा गॅल्व्हॅनिक ठोका लागतो, आणि तो त्वचेला चटका देऊ शकतो. म्हणजे त्या मुदतीनंतरही फॅरेडिकने चेहरा उडत असेल, तर नस जिवंत आहे आणि ती आपली आपण सुधारण्याची शक्यता चांगली आहे. आणखी एक फसगत होते. करंट देणारं पेन गालावर थोडं मागे सरकलं की चावण्याचा स्नायू उडतो. त्याची नस वेगळी, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी पाचवी, आणि ती धडधाकट असते. दात थोडे विलग ठेवून जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवावं. तिथे टणक फुगवटा आला, तर करंट भलतीकडे जातोय.

आरशामागचं कारण शरीररचनेत आहे. हातापायाच्या स्नायूंत ताण कळवणारे संवेदक, म्हणजे मसल स्पिंडल, भरपूर असतात. चेहऱ्याच्या स्नायूंत ते जवळपास नसतातच. डोळे मिटून कोपर किती वाकलंय ते सांगता येतं, ओठाचा कोपरा किती वर गेलाय ते नेमकं सांगता येत नाही. ती उणीव आरसा भरून काढतो.

माझा कल आरशाकडे आहे, आणि तो ठरला एका त्रासामुळे: हसलं की डोळा मिटतो. नसेचे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. तीन-चार महिन्यांनी ते पोहोचतात तेव्हा काही चुकीच्या स्नायूत शिरतात. मग हसताना डोळा बारीक होतो, डोळा मिटताना ओठ ओढला जातो, मानेवर दोर उभे राहतात. याला सिंकायनेसिस म्हणतात. या टप्प्यावर अडचण बहुतेक वेळा ताकदीची नसतेच. एक स्नायू हलताना दुसऱ्याने गप्प बसायला हवं, आणि करंटला एकच हुकूम देता येतो: आवळ. ‘गाल वर, डोळा शांत’ हे त्याला सांगता येत नाही. करंटमुळे सिंकायनेसिस वाढतो असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण तो सोडवायला करंटची मदत होताना दिसत नाही.

आरशासमोर ते असं करतात. उजेड समोरून, आरसा डोळ्यांच्या पातळीवर. आधी ताण सैल करायचा: स्वच्छ अंगठा गालाच्या आत, बोटं बाहेर, गाल ओठाच्या कोपऱ्याकडे हळू ताणून २०-३० सेकंद धरायचा. मग इतकं बारीक हसायचं की समोरच्याच्या लक्षातही येऊ नये. डोळा बारीक व्हायला लागला की किंचित मागे यायचं, तिथेच दोन-तीन सेकंद थांबायचं, सावकाश सोडायचं. असं ५ ते १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. याहून जास्त केलं की चेहरा थकतो आणि जुनी गडबड परत येते. चांगली बाजू नेहमी पुढे पळते. ती बोटाने धरावी किंवा तिचं हसणं कमी करावं.

फुगे फुगवणं किंवा डोळे गच्च आवळणं बंद. जोर लावला की सगळे स्नायू एकत्रच धावतात. च्युइंग गमने व्यायाम होतो तो जबड्याचा.

आरशाच्या बाजूनेही सगळं गोड नाही. स्वतःचा वाकडा चेहरा रोज पाहणं जड जातं आणि बरेच जण काही आठवड्यांत सोडून देतात. फरक महिन्यांत मोजावा लागतो. शिकवणारा जाणकार नसेल तर लोक मोठमोठे हावभाव करत बसतात, त्यापेक्षा न केलेलं बरं. चेहरा अजिबात हलत नसेल तेव्हा जोर न लावता बोटाने आधार देऊन हालचाल करायची, एवढंच. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०११ च्या कॉक्रेन आढाव्यातही व्यायामाच्या बाजूचा पुरावा कमी दर्जाचाच ठरला, तरी मध्यम आणि जुन्या लकव्यात त्याने मदत होते असा कल निघाला. करंटचा फायदा दिसला नाही.

पूर्ण निकामी नसेत स्नायू सुकू नये म्हणून कुणी लांब ठोक्याचा करंट सुचवला, तर त्याला मी विरोध करणार नाही. फक्त कशासाठी आणि किती आठवडे, हे आधी विचारून घ्यावं. निवड काहीही असो, महिन्यातून एकदा त्याच उजेडात पाच हालचालींचा व्हिडिओ घ्यावा: कपाळ वर, डोळे हलके मिटणं, नाक मुरडणं, हसणं, ओठांचा चंबू. रोज पाहणाऱ्याला न दिसणारा फरक त्यात दिसतो, आणि हसताना डोळा कधीपासून बारीक व्हायला लागला, हेही.