सीएसरँकिंग्ज: नावं शोधायला उत्तम, क्रम लावायला नाही

कम्प्युटर सायन्समध्ये पीएचडीसाठी अर्ज करायचा म्हटलं की पहिला घोर लागतो तो अर्ज कुठे कुठे करायचे याचा. विद्यापीठं शेकडो, फी प्रत्येक ठिकाणी वेगळी भरायची, बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रं हवीत, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांच्या मुदती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एकदमच येतात. अशा वेळी हमखास उघडली जाणारी साइट म्हणजे सीएसरँकिंग्ज, विद्यापीठांतल्या कम्प्युटर सायन्स विभागांचा क्रम लावणारी. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्ट इथले प्राध्यापक एमरी बर्गर यांनी ती उभी केली. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. साइट खरोखर चांगली आहे, पण ती उघडल्यावर समोर जे पान येतं, ते अर्जदाराच्या फारसं उपयोगाचं नाही.

मोजणी कशी होते ते आधी समजून घ्या. लोकांची मतं विचारून केलेलं हे रँकिंग नाही. प्रत्येक विषयातल्या मोजक्या नावाजलेल्या कॉन्फरन्स निवडल्या आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ओएसडीआय आणि एसओएसपी, मशीन लर्निंगसाठी आयसीएमएल, न्यूरिप्स आणि आयसीएलआर, अशा. तिथे छापून आलेले पेपर डीबीएलपी या कम्प्युटर सायन्समधल्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीवरून मोजले जातात. पाच लेखकांचा पेपर असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.२ येतो. सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या पेपरांत आलेले उल्लेख, धरलेच जात नाहीत. मोजणीत येतात ते फक्त कम्प्युटर सायन्समधल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला एकट्याने गाईड करू शकणारे प्राध्यापक. ही अट अर्जदाराच्या दृष्टीने फार मोलाची, कारण यादीतला माणूस कागदोपत्री तरी तुमचा गाईड होऊ शकतो.

खरी मेख सरासरीत आहे. एकाहून जास्त विषय निवडलेत की प्रत्येक विषयाच्या आकड्यात १ मिळवून त्यांचा भूमितीय मध्य काढला जातो. समजा दोनच विषय निवडले. एका विभागाचे पहिल्या विषयात ९ आणि दुसऱ्यात ०. गुणाकार १० गुणिले १, त्याचं वर्गमूळ सुमारे ३.२. दुसऱ्या विभागाचे दोन्ही विषयांत ४-४. गुणाकार ५ गुणिले ५, वर्गमूळ ५. म्हणजे दुसरा विभाग वर. पण तुम्हाला फक्त पहिल्याच विषयात काम करायचं असेल, तर पहिल्या विभागात त्या विषयाचं काम दुपटीहून जास्त चालतं! साइट उघडल्यावर येणाऱ्या, सगळे विषय निवडलेल्या पानावर हीच गोष्ट पंचवीसहून जास्त विषयांवर पसरलेली असते. एखाद्या विषयातला अत्यंत दमदार गट तळाशी दडून राहतो तो असा. ते पान बघून ‘पहिल्या वीसात नाही, म्हणजे नको’ असं ठरवू नका.

म्हणून सुरुवातीलाच सगळे विषय बंद करा. आपला एक विषय चालू करा. फार तर त्याला लागून असलेला आणखी एक, पण तो वेगळा बघा, दोन्ही एकत्र नकोत. प्रदेश आपल्याला हवा तो. वर्षांची खिडकी आपोआप साधारण दहा वर्षांची असते, ती शेवटच्या चार-पाच वर्षांवर आणा. मग विभागांचा क्रम सोडून द्या आणि एकेका विभागाच्या नावावर क्लिक करून आतली प्राध्यापकांची यादी उघडा. साइटचा खरा ऐवज तिथे आहे. प्रत्येक नावापुढे पेपरांचा आकडा, वाटून आलेला आकडा, वैयक्तिक पान, गुगल स्कॉलर आणि डीबीएलपी यांच्या लिंक मिळतात.

आता प्रत्येक विभागातली दोन-तीन नावं तपासायची. वैयक्तिक पानावर ‘नवे विद्यार्थी घेत आहे’ किंवा ‘या वर्षी घेत नाही’ असं बरेच जण स्पष्ट लिहितात. डीबीएलपीवर गेल्या दोन-तीन वर्षांचे पेपर उघडून पहिला लेखक कोण आहे ते बघा. तिथे त्याच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची नवनवी नावं दिसत असतील, तर गट जिवंत आहे. थिअरीत, म्हणजे सैद्धांतिक विषयांत, मात्र ही खूण चालत नाही, कारण तिथे लेखकांची नावं वर्णानुक्रमे लावायचा प्रघात आहे. नुकतेच रुजू झालेले असिस्टंट प्रोफेसर यादीत खाली असतात, कारण त्यांचे पेपरच थोडे. त्यांना हमखास उघडून बघा. गट नव्याने बांधायचा असतो, त्यामुळे विद्यार्थ्यांची खरी गरज त्यांनाच असते. युरोपात अनेक ठिकाणी पीएचडीची जागा नोकरीसारखी जाहीर होते आणि निवड गाईडच करतो. तिथे वैयक्तिक पानापासूनच सुरुवात केलेली बरी.

उणिवाही आहेत, आणि त्या माहीत नसल्या तर फटका बसतो. आकडा विभागाच्या एकूण कामाचा असतो, माणशी नाही. मोठा विभाग आपोआप वर जातो, म्हणून शेजारच्या रकान्यातल्या प्राध्यापकसंख्येकडे लक्ष ठेवा. प्राध्यापकाने विद्यापीठ बदललं की त्याचे सगळे जुने पेपर त्याच्यासोबत नव्या ठिकाणी जातात. एक मोठं नाव आलं की विभाग उड्या मारत वर चढतो, गेलं की घसरतो, आणि नोंद बदलायला उशीर झाला तर निघून गेलेला माणूस जुन्याच विभागात दिसत राहतो. सारख्या नावांची माणसं डीबीएलपी मागे ०००१ असे क्रमांक लावून वेगळी करते, पण तिथेही गफलत होते. जर्नलमध्ये छापलं जाणारं काम जवळजवळ दिसतच नाही. तुमचा विषय जीवशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या सीमेवरचा असेल, तर या आकड्यांवर विसंबू नका.

स्टायपेंड किती, पदवीला किती वर्षं लागतात, गाईड विद्यार्थ्यांशी कसा वागतो, यातलं इथे काहीच मिळणार नाही. त्यासाठी गटातल्या सध्याच्या आणि सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांनाच मेल करावा लागतो.

एवढं सगळं दोन शनिवार-रविवारांत होतं. हाती आठ ते बारा विभाग आणि प्रत्येकातली दोन-तीन नावं उरली की यादी बंद करा. हीच नावं एसओपीच्या, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्राच्या, शेवटच्या परिच्छेदात, का ते लिहून, घालायची आहेत. शिफारसपत्रं देणाऱ्यांना यादी मुदतीच्या किमान चार आठवडे आधी द्या. फक्त कोर्सवर्कचं मास्टर्स करायचं असेल तर या साइटवर वेळ घालवू नका. त्यापेक्षा विभागाच्या पानावर जाऊन विषयांची यादी आणि फी बघा.