विजयनगर बीचजवळचा होमस्टे, स्वराज द्वीप

नर्सिंगची नोकरी नवीन, नाइट ड्यूटीवर नाइट ड्यूटी. कशीबशी रजा पदरात पडली आणि आईबाबांना घेऊन अंदमान गाठलं. खोली स्वच्छ, चादरी कडक धुतलेल्या (माझी नजर आधी तिथेच जाते). सुरमई फ्राय एक नंबर, बाबांनी दोनदा भात मागून घेतला. पण बाथरूमची फरशी गुळगुळीत, आधाराला दांडी नाही. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे सुट्टीतही माझी ड्यूटी दाराबाहेर! मालकांना सांगितल्यावर रबरी मॅट मात्र लगेच आली. पडदे पातळ आहेत आणि इथे सहाच्या आधीच लख्ख उजाडतं. ओहोटीला समोरचं पाणी पार लांब जातं. पोहायला दुपारीच राधानगर बीच गाठा. डिसेंबरात साडेपाचला अंधारतं, परतीची रिक्षा आधीच ठरवा.