कॉलिकच्या बाळासाठी दुपटं, स्विंग की खांदा?

आमच्या लेकीचं रडणं तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी घेतलेले, आणि साडेनऊ-दहापर्यंत थांबायचं नाव नाही. पोट भरलेलं, ढेकर काढलेली, लंगोट कोरडा. डॉक्टरांनी वजन पाहिलं, पोट चाचपलं आणि म्हणाले, कॉलिक आहे, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठेल, तीन-चार महिन्यांची झाली की आपसूक थांबेल. तुम्हीही हे ऐकून आला असाल, म्हणून कॉलिक, म्हणजे निरोगी बाळाचं कारण न सापडणारं लांबलचक रडणं, याच्या खोलात मी शिरत नाही. एवढंच सांगतो, ‘दिवसाला तीन तास, आठवड्याला तीन दिवस, सलग तीन आठवडे’ हा जो हिशेब सगळे ऐकवतात तो 1954 सालचा आहे, आणि पोटाच्या तक्रारी ओळखायला डॉक्टर वापरतात त्या रोम निकषांनी 2016 मध्ये निदानासाठी तास मोजणं सोडून दिलंय. आम्ही कपाटाच्या दारावर कागद चिकटवून मोजले. उपयोग एकच झाला, दोघं भांडलो की पुरावा म्हणून.

आमच्यासमोर तीन पर्याय होते. दुपट्यात घट्ट गुंडाळणं, मोटरवर हलणारा स्विंग, आणि स्वतःचे हात, म्हणजे खांदा आणि पुढे बाळ अंगाशी बांधायचं कापडी स्लिंग. तिन्ही भरपूर वापरले, त्यामुळे जे लिहितोय ते एका बाळाच्या अनुभवावरचं आहे. तुमच्या बाळाचं मत वेगळं असू शकतं.

झोपण्याची स्थिती मात्र या निवडीत धरू नका. झोपताना बाळ उताणं, सपाट आणि टणक गादीवर, आजूबाजूला उशी, लोड, मऊ पांघरूण काही नाही. माझी आई रोज म्हणायची, “अरे, पालथी घाल, पोट दाबलं जाईल, वारा सरेल.” तिची खरी भीती वेगळी होती, उताण्या बाळाला उलटी झाली तर घशात अडकेल ही. प्रत्यक्षात बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध खालच्या नळीच्या तोंडाशीच राहतं, वरच्या नळीत जायला त्याला चढावं लागतं. पालथं घातलं की हीच रचना उलटी होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने 1992 मध्ये पालथं झोपवू नका असं सांगितलं आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिथले झोपेतले अचानक बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. कुशीवर हा मधला मार्गही नको, कुशीवरचं बाळ कधी पालथं होईल सांगता येत नाही. आईचं म्हणणं मी वेगळ्या रीतीने पाळलं. लेक जागी असताना तिला माझ्या हातावर पालथी, डोकं कोपराशी, एक पाय इकडे एक तिकडे, अशी धरून येरझाऱ्या घालायचो. रडण्याच्या ऐन भरात हे पुष्कळदा चाललं. डोळे मिटले की मात्र उताणी.

आता स्विंग. खरं सांगायचं तर पहिले चार दिवस मला तो देवासारखा वाटला. बटण दाबलं, दहा मिनिटांत बाईसाहेब गप्प. अडचण पुढे होती. स्विंगची बैठक तिरकी असते. मान न धरणाऱ्या बाळाची हनुवटी छातीवर येते आणि आधीच अरुंद असलेली श्वासनलिका दुमडलेल्या स्ट्रॉसारखी होते. म्हणून 10 अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या कशातही बाळाला झोपू देऊ नये. 2019 मध्ये अमेरिकेत अशाच एका तिरक्या पाळण्याचे सुमारे 47 लाख नग मृत्यूंमुळे परत मागवावे लागले, आणि 2022 मध्ये तिथे अशा पाळण्यांवर कायद्यानेच बंदी आली. आमचा स्विंग पाळणा म्हणून विकलेला नव्हता, ‘शांत करण्यासाठी’ होता. त्याच्या पुस्तिकेतही बारीक अक्षरांत लिहिलं होतं की बाळ झोपलं की काढून सपाट जागी ठेवा.

काढून ठेवा. हे दोन शब्द लिहिणाऱ्याने रात्री नऊ वाजता ते करून पाहिलं होतं का, मला शंका आहे. पट्टा लावल्याशिवाय बाळ स्विंगमध्ये ठेवायचं नाही, ते बरोबरच. पण पट्ट्याला बकल, आणि बकल उघडलं की ‘खट्ट’. शांत खोलीत तो आवाज किती मोठा होतो हे तोवर मला माहीत नव्हतं. मी अंगठ्याखाली रुमाल धरून पाहिला. आवाज रुमालातूनही आला. खट्ट झाल्यावर खांद्यावरचा पट्टा एका हाताखालून काढायचा, मग दुसऱ्या, मग मानेखाली हात सारून तिरक्या बैठकीतून उचलायचं. एवढ्या वेळात ती डोळे उघडून माझ्याकडे बघत असायची आणि खालचा ओठ बाहेर यायला लागायचा. चाळीस मिनिटांची मेहनत पाण्यात. दोनदा मी तिला तशीच राहू दिली आणि समोर बसून तिचा श्वास मोजत राहिलो. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, “तू तरी झोप की. नाहीतर याचा उपयोग काय?” माझ्यापुरता स्विंगचा निकाल तिथेच लागला.

तेव्हा लक्षात आलं की शांत करणं आणि झोपवणं ही दोन वेगळी कामं आहेत. शांत कुठेही करता येतं. झोप एकाच जागी, सपाट. म्हणून कुठल्याही उपायाला मी नंतर एवढंच विचारायला लागलो, तुझ्यापासून गादी किती लांब?

या हिशेबात दुपटं सगळ्यात जवळ, कारण गुंडाळलेलं बाळ गादीवरच असतं. पण कॉलिकच्या ऐन भरात आमच्या लेकीला दुपटं म्हणजे शिक्षा वाटायची, ती आत लढायची. रडं ओसरल्यावर मात्र छान. झोपेत हात उडून ती दचकायची, ते थांबलं. गुंडाळायचं ते छातीशी नीट बसेल असं आणि कंबरेखाली सैल, पाय बेडकासारखे बाहेरच्या बाजूला दुमडता आले पाहिजेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याला धोका. कापड पातळ. वजन घातलेली दुपटी नकोतच. आणि गुंडाळलेलं बाळ फक्त उताणं. शेवटचा नियम सगळ्यात जाचक: बाळ वळायची खटपट करताना दिसलं की दुपटं त्याच दिवशी बंद. आमच्याकडे दहाव्या आठवड्यात ती कंबर फिरवायला लागली. जेमतेम सवय लागली होती. पुढचे काही दिवस आम्ही कसे काढले ते विचारू नका.

राहिला खांदा. इथे मोजमाप सरळ माझ्या बाजूने उभं राहत नाही हे आधी कबूल करतो. 1986 मध्ये माँट्रियलमध्ये झालेल्या एका प्रयोगात रोज जास्त वेळ उचलून घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात 43 टक्के कमी रडली, पण ती सर्वसाधारण बाळं होती. त्याच गटातल्या डॉक्टर बार यांनी 1991 मध्ये कॉलिकच्या बाळांवर हेच करून पाहिलं, तर म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे दिवसभर कडेवर घेतलं तर संध्याकाळचं रडणं टळेल, या आशेवर राहू नका. आमचंही टळलं नाही. माझ्या दृष्टीने खांद्याचं मोल ठेवण्याच्या क्षणी आहे.

आधी मी डोळे मिटले की लगेच ठेवायचो आणि हरायचो. मग 2022 मधलं एक जपानी संशोधन वाचनात आलं. 21 बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून त्यांनी पाहिलं होतं. पाच मिनिटं उचलून सलग चाललं की रडणारी बाळं शांत होतात आणि बरीचशी झोपतात, पण लगेच ठेवलं तर पुष्कळ जागी होतात. झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटं घेऊन बसलं तर टिकतात. गंमत अशी की पाठ गादीला टेकण्याआधीच, आईच्या अंगापासून सुटताना बाळ चाळवतं. मी तसं करून पाहिलं. पाच मिनिटं न थांबता चालायचं, मग खुर्चीत ताठ बसायचं, भिंतीवरच्या घड्याळात आठ मिनिटं. नंतर कमरेत वाकून, तिची छाती माझ्या छातीला लावून ठेवतच खाली न्यायचं, आणि ती टेकल्यावरही तळहात तिच्या पोटावर थोडा वेळ. दहातले सात प्रयत्न तरी जमायचे. आकडा अंदाजाचा आहे, तोवर कपाटावरचा कागद फाटला होता.

खांद्याचाही धोका आहे, आणि तो स्विंगपेक्षा लहान नाही: माणूस थकतो. बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी लागणं ही झोपेच्या सगळ्यात घातक जागांपैकी एक. एकदा माझी मान पडली आणि दचकून जागा झालो, तेव्हापासून आठ मिनिटं मोजायला सोफा वर्ज्य, लाकडी खुर्चीच. आणि डोकं फिरायची वेळ आली तर बाळाला गादीवर उताणं ठेवून दार ओढून घ्यावं, पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जावं. रडू द्यावं. हादरवायचं मात्र कधीही नाही.

पंख्यासारखा आवाज करणारं यंत्र कशाच्याही जोडीला चालतं, फक्त खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणि हळू. 2014 मध्ये तपासलेल्या 14 यंत्रांपैकी तीन 30 सेंटिमीटरवर 85 डेसिबलच्या वर गेली होती. पाळण्याला टांगायची ती वस्तू नाही. चोखणी घेत असेल तर द्या. गॅसच्या थेंबांबद्दल मला फारसं चांगलं सांगता येणार नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध पिणं सोडणं, किंवा रोजच्यापेक्षा वेगळंच किंचाळणं यातलं काही दिसलं तर ही तुलना बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे.

तुमची पाठ दुखत असेल, किंवा घरात एकटेच असाल आणि जेवायलाही हात मोकळे हवे असतील, तर जागेपणी वीस मिनिटांसाठी स्विंग वाईट नाही. बाळ अजून वळत नसेल तर दुपट्याने सुरुवात करणं सगळ्यात सोपं. मला विचाराल तर आधी आठवडाभर काहीच विकत न घेता खांदा आणि घड्याळ एवढ्यावर काढून बघा. मग स्लिंग घ्यायचं ठरलं तर त्यात चेहरा सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीपासून सुटी, आणि डोकं इतकं वर की मान वाकवून पापा घेता येईल. आणि विकत घेण्याआधी ते बांधून, एका हाताने सोडून बघा. क्लिपचं असेल तर कान देऊन. आम्ही गाठीचं घेतलं.