अँकीड्रॉईड: पोर्तुगीज शिकायला वापरतेय, त्याबद्दल

रेवदंड्यात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, दुपारी गिऱ्हाईक नसतं, त्या वेळात मी गेल्या पावसाळ्यापासून पोर्तुगीज शिकतेय. परीक्षा नाही, नोकरीसाठी नाही, निव्वळ हौस. आधी एका अ‍ॅपचे वर्षाचे पैसे भरले होते, दोन महिने रोज केलं, स्ट्रीक (एकही दिवस न चुकवल्याची मोजणी) जपली, पण साधं वाक्य तोंडातून निघेना. शिवाय आमच्याकडे पावसात लाईट गेली की पाठोपाठ रेंज जाते, मग ते उघडायचंच नाही.

मग अँकीड्रॉईड टाकलं, म्हणजे कार्डांवरून शब्द पाठ करायचं अँड्रॉईड फोनवरचं अ‍ॅप. फुकट आहे, जाहिराती नाहीत, कार्डं एकदा फोनमध्ये आली की नेट लागत नाही (आयफोनवर विकत घ्यावं लागतं, कॉम्प्युटरवर फुकट). पुढे शब्द दिसतो, मनात उत्तर द्यायचं, कार्ड पलटायचं आणि आठवलं की नाही ते आपणच सांगायचं. आठवलं तर तेच कार्ड काही दिवसांनी, मग आठवड्यांनी, मग महिन्यांनी येतं, विसरलं तर लगेच परत. म्हणजे शब्द डोक्यातून निसटायच्या बेतात असतो तेव्हाच समोर येतो, आणि हेच लागू पडतं.

एक चूक मात्र मी केली, तुम्ही करू नका. तयार डेक (कार्डांचा संच) उतरवला आणि रोज २० नवीन कार्डं (आधीपासून तेवढीच सेट असतात) तशीच चालू ठेवली. उजळणी वाढत गेली, त्यात गणपतीत चार दिवस फोन हातात घेतला नाही, तर एवढा ढीग साचला की उघडायची इच्छाच होईना. तो डेक काढून टाकला, नवीन कार्डं ५ वर आणली, आणि दुकानात जे दिसतं त्याची कार्डं स्वतः बनवली.

इथून खरी मजा आली, कारण आपले कितीतरी शब्द पोर्तुगीजातूनच आलेत. घमेलं म्हणजे गामेला, पिंप म्हणजे पीपा, बालदी म्हणजे बाल्द! हा माल मी लहानपणापासून विकतेय. सगळ्यात आवडतं कार्ड चावीचं, पुढे आमच्या गल्ल्याच्या चावीचा फोटो, मागे शब्द आणि आवाज. आवाजात ऐकू येतं 'शाव्ह'. म्हटलं, च कुठे गेला? तर पोर्तुगीज आपल्याकडे आले त्या काळात तेही 'च' असाच उच्चार करायचे, त्याचा 'श' नंतर झाला. आपल्या चावीत त्यांचा जुना च राहिलाय.

फोटो आणि स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज कार्डाला जोडता येतो, याचा मला फारच उपयोग झाला, कारण खाडीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती लोक घरात नौ लिंग बोलतात, पोर्तुगीजातून झालेली त्यांची भाषा. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले तरी ती टिकलीय. दुकानात येणाऱ्या तिकडच्या एका मावशींनी पाच-सहा शब्द सांगितले, त्यांना विचारून रेकॉर्ड केले. पण त्याचा डेक वेगळा ठेवलाय, कारण त्यांच्या बोलण्यात क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं आणि पुस्तकी पोर्तुगीजमध्ये मधे, एकत्र केलं की माझा गोंधळ व्हायचा.

व्याकरणाला वेगळं पुस्तक घ्या, बोलायला माणूस शोधा, ते काम या अ‍ॅपचं नाही. शब्दांसाठी मात्र मी दुसरं काही वापरणार नाही. पावसाआधीची ताडपत्रीची गर्दी ओसरली की नवीन कार्डं ५ ची ८ करणार आहे.